मामांपर्यंत

हैफाच्या दवाखान्यात नुरित रक्ततपासणीला थांबली होती. नाझींनी केलेल्या कत्तलीत गेलेल्या ज्यूंच्या स्मरणदिनाचा भोंगा दोन मिनिटं वाजून थांबला. उभे राहिलेले सगळे बसले, तिच्यासमोरचे एक आजोबा सोडून. शेजारच्या आजीबाईंनी त्यांची बाही ओढली.

"अहो झेलिग, बसा आता. थांबला भोंगा."

"माझ्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची राहिलीत, फ्रुमाबाई. दरवर्षी मामांपर्यंत येतो न येतो, तोच हे बंद करतात."

"मग भराभर घ्या की."

"थोरल्या आत्याला ते खपायचं नाही."

"तर मामांपासून सुरुवात करा."

"आणि आईला काय सांगू?"

"बरं, पुढच्या वर्षी मामा माझ्याकडे द्या."

"तुमची माणसं कोण घेणार?"

"मी तेव्हा दीड वर्षाची. मला एकही नाव ठाऊक नाही. दोन मिनिटं नुसतीच उभी असते."