ओमेशच्या गाडीचं रबर

…तर बसा जी मिस्त्री, ओमेश राइसमिलवर गेला, येईल अर्ध्या घंट्यात. मलेच सांगून गेला — काकू, रायपूरहून मिस्त्री येईल, त्याले चहा पाजा. म्हणून चहा. नाहीतर त्या लाल गाडीच्या नावानं मी पाणीही विचारलं नसतं. वीट आला मले तिचा. दोन दारं, मागं कोंबडीही बसणार नाही एवढी जागा, अन् चालू केली की आमच्या मांडणीवरचे डबे नाचतात — ओमेशची अन् आमची भिंत एकच आहे ना. दाखवा बरं, काय आणलं. हे काळं रबर — गाडी नवीन असते तेव्हा इंजिनखाली असते तसंच, होय ना? अन् हे पिवळं? अंगठा दाबला तरी दबून नाही राहिलं. शर्यतवाल्यांचं? आमच्या या कुडव्यात कोणती शर्यत आहे जी? गतिरोधक आहेत, फाटक आहे, रस्त्यात बसलेल्या गाई आहेत. ओमेशनं हेच मागवलं? अन् काळं तुम्ही आपल्या मनानं आणलं? मग शहाणे आहात. काळंच बसवा. त्याले विचारून बसवीन म्हणता — त्याच्या विचारानंच तर घर रिकामं झालं.

गुंजन, त्याची बायको. सातवा महिना. गेल्या महिन्यात तिले बोदलकसाचा तलाव दाखवाले नेलं, अन् परत आली तर पोरीले उतरता येईना. कंबर धरून इथं बसली, तुम्ही बसले त्याच खुर्चीवर. म्हणे, काकू, दात वाजून राहिले, पोट दगडावाणी घट्ट झालं. डॉक्टरीणबाईनं हादरे बंद सांगितले. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं सालेकसाले माहेरी गेली. रविवारी इथं ओटी भराची आहे तिची, पण ती म्हणते, ज्याले बायकोपेक्षा लोखंड प्यारं त्याच्या घरी कायले येऊ? होय, लोखंडच आहे आता आत. रबर झिजलं होतं, ते काढलं अन् लोखंडाचे गोळे ठोकले. इंजिनचा सगळा थरथराट सीटमध्ये. कोणत्या गाढवानं सांगितलं म्हणता? — चहात साखर पुरली का तुमच्या?

आमच्याच यांनी. आता निघालंच तोंडातून. दुधराम फिटर, तीस वर्षं राइसमिलमध्ये. तिथं मशीन सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट कसून बसवतात, हलली की तांदळाची कणी होते. यांना तेवढंच माहीत. ओमेशनं सहज विचारलं, काका, रबर गेलं, कोणतं टाकू? तर म्हणाले, रबर चपलेले असते. स्वतः लेथवर उभे राहून गोळे कातून आणले. मिलमध्ये नवीन मशीनी आल्या तेव्हापासून यांना कोणी एक नट पाहा म्हणत नाही जी. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. अन् आता रोज सकाळी गाडी चालू झाली की हे भिंतीले हात लावून उभे — पाहा, म्हणतात, कसं पक्कं धरलं. अन् तो मूर्ख बाहेरून विचारते, काका, ठीक आहे ना? बायको माहेरी, अन् हा शेजारच्या म्हाताऱ्याचं मन राखून राहिला. म्हणूनच हे पिवळं. थोडी तरी भिंत हलली पाहिजे ना, गोळे काढले हे काकाले समजू नये म्हणून. गुंजनलेही नाव नाही सांगितलं त्यानं. माझ्यासमोर तिनं विचारलं होतं, हे कोणाचं डोकं? अन् मी — आख्ख्या मोहल्ल्यात कोणाच्या घरी काय शिजलं ते सांगणारी मी — कढीत पळी फिरवत राहिली.

सायकल वाजली. तेच आले. उठा, चहा राहू द्या. काळं उचला अन् गाडीखाली शिरा. ते गोळे निघाले की ओमेशच्या हाती देऊ नका, मले द्या, धुऊन-पुसून ठेवीन. काय सांगीन यांना? ते माझं मी पाहीन. — अहो, सायकल लावा अन् इकडं या, बसा. नाही, भिंतीजवळ नका बसू, या खुर्चीवर बसा. गुंजन बसली होती ना, तिथंच. — मिस्त्री, तुम्ही काऊन उभे अजून? जा ना जी.