डाव्या अंगठ्याखालचा खटका

मी, नाथाजी बाबूराव शितोळे, वय ५६, धंदा सायकल दुरुस्ती, पूर्वी फौजेत हवालदार, राहणार विटा, ता. खानापूर, जि. सांगली. आज ता. ११ मार्च १९९७ रोजी कोणीही न बोलावता पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

विट्यात माझे सायकलचे दुकान आहे. आमच्याकडची बरीच माणसे परमुलखात जाऊन सोने गाळतात, मी गावात राहून ग्रीस पुसतो. माझी मुलगी प्रियदर्शनी माण तालुक्यातील बोरजाईवाडी येथे दिली आहे. तिचे सासरे आप्पासो काटकर हे माझे व्याही. ते काल सोमवारी सकाळी सायकलवरून पडले व त्यांच्या खांद्याजवळचे हाड मोडले. त्यांचे भाऊबंद तात्याबा काटकर यांनी त्यांना ढकलले, अशी फिर्याद माझे जावई शंभूराज यांनी दिली आहे व त्यावरून तात्याबा यांना ठाण्यात आणून बसवले आहे. तात्याबा यांनी ढकललेले नाही. आप्पासोंना पाडणारा इसम मी आहे. फक्त पाडताना मी त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावले मागे होतो.

आप्पासो यांचा उजवा गुडघा आखडलेला आहे, पुरता वाकत नाही. चालायला त्रास होतो, पण सायकल चालते. शंभूराज मुंबईला कामाला असतात, सध्या सुट्टीवर वाडीत आले आहेत. त्यांनी तिकडून आणलेली जाड टायरची, सरळ हँडलची गिअरची सायकल आप्पासो वापरत. गिअर हलका केला की त्यांच्या वाडीचा चढ बसल्या बसल्या चढता येतो. अडचण सीटची होती. गुडघा वाकत नाही म्हणून सीट उंच लागते, आणि सीट उंच असली की थांबताना पाय जमिनीला पुरत नाही. त्यामुळे आप्पासो जिथे आधार मिळेल तिथे उतरत. एकदा ते विहीणबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरले. त्यानंतर घरच्यांनी सायकलला कुलूप घातले व आप्पासो सोप्यात बसून राहू लागले. पूर्वी सगळ्या वाडीची खबर ठेवणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निगालास रं?" एवढेच विचारत बसतो, हे मला बघवले नाही.

म्हणून मी म्हणालो, "आप्पासो, मी करून देतो. चढाला सीट वर, थांबायला सीट खाली. उतरायची गरजच न्हाई." मला कोणीही विचारले नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, सीटच्या नळीत दुसरी नळी घातली, आत मोटरसायकलची स्प्रिंग बसवली आणि एक खीळ ठेवली. खीळ तारेने ओढली की बसणाऱ्याच्या वजनाने सीट वीतभर खाली जाते. बूड उचलून पुन्हा ओढली की स्प्रिंग सीटला वर आणते. हे काम चांगले झाले आहे. फौजेत मी जीपपासून ट्रकपर्यंत सर्व गाड्या खोलल्या आहेत, आणि बऱ्याचशा परत जोडल्याही आहेत.

प्रश्न तार ओढणारा खटका कुठे बसवायचा एवढाच होता. आधी सीटखाली बसवला. त्यासाठी हात पाठीमागे न्यावा लागतो, आणि आप्पासोंचा हात एवढ्या वयात तिकडे जाऊ नये असे वाटले. मग हँडलच्या मधोमध बसवला. पण उताराला मूठ सोडून मध्ये चाचपडणे बरे नाही. उजव्या मुठीजवळ ब्रेक, घंटी आणि गिअर अशी गर्दी होती. डाव्या मुठीजवळ ब्रेक होता, पण अंगठा मोकळा होता. फौजेत मोकळा माणूस दिसला की त्याला काम देतात, म्हणून मी अंगठ्याला काम दिले. एका जुन्या मोपेडचा खटका डाव्या मुठीला अगदी चिकटवून बसवला. मूठ धरली की अंगठा आपोआप त्यावर पडावा, शोधावा लागू नये, अशी बेताची जागा मी मोठ्या कौतुकाने काढली. विट्यात दुकानासमोरच्या रस्त्याला स्वतः चालवून पाहिली. एकदाही चूक झाली नाही.

चूक का झाली नाही ते सांगणे जरुरीचे आहे. फौजेत सायकलवर असताना साहेब दिसला तर हात उचलत नाहीत. दोन्ही हात हँडलवर ठेवून ताठ बसायचे आणि मान कडक वळवायची, तीच सलामी. नोकरी सुटून वर्षे झाली तरी मी विट्यातही तसेच करतो. त्यामुळे मला लोक शिष्ट म्हणतात, पण हात काही सुटत नाही. बोरजाईवाडीत माणूस दिसले की उजवा हात कपाळाशी नेऊन रामराम घालतात, हे मला माहीत होते. खटका बसवताना आठवले नाही.

काल सकाळी आप्पासो नवे धोतर नेसून सायकलवर बसले. त्यांना दहिवडीच्या बाजाराची गाडी धरायची होती. खरे कारण गावातून दिसत जायचे हे होते. ते पुढे व मी मागून चालत होतो. वाडीची वाट उताराची आहे. पिठाच्या गिरणीपाशी कोणीतरी रामराम घातला. आप्पासोंनी उजवा हात वर नेला. एका हातावर आल्यामुळे डावी मूठ घट्ट आवळली गेली, अंगठ्याने खटका दाबला व आप्पासो वीतभर खाली गेले. मला वाटले, मुद्दाम करून दाखवत आहेत. मी लोकांकडे अभिमानाने पाहिले.

पुढे हरणाबाईंच्या दुकानापाशी पुन्हा तेच झाले. आप्पासोंनी सीट वर घेतली, हात केला, आणि परत खाली गेले. हरणाबाई म्हणाल्या, "आवं, आप्पा सायकलीवरनंच दंडवत घालत्यात की!" तेव्हा मला कळले. मी ओरडलो, "आप्पासो, हात वर करू नगा!" त्यांना नुसती हाक ऐकू गेली, शब्द कळले नाहीत, आणि मी रामराम घालतोय असे समजून त्यांनी मलाच हात केला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी पळत सुटलो.

तिसरे ठिकाण म्हणजे तात्याबा यांचे दार. आप्पासो व तात्याबा हे चुलत भाऊ असून बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांचे बोलणे बंद आहे. बाभूळ केव्हाच वठली, भांडण अजून हिरवे आहे. तात्याबा ओट्यावर चहा पीत होते. आप्पासो तिकडे पाहणार नव्हते, पण तात्याबांच्या शेजारी हल्ली डोळ्यांनी अधू झालेले जुने गुरुजी उभे होते. गुरुजींना हात न करणे आप्पासोंना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी हात केला. सीट खाली गेली, आखडलेला गुडघा वर हँडलला लागला, चाक आडवे झाले आणि आप्पासो ओट्याच्या दिशेने पडले.

मी जे डोळ्यांनी पाहिले ते असे. तात्याबांनी कपबशी टाकून दिली व ओट्यावरून उडी मारली. त्यांनी पडत्या आप्पासोंना खांद्याला धरले. धरले नसते तर डोके ओट्याच्या दगडावर आपटले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग खाली बसून त्यांनी आप्पासोंचे डोके मांडीवर घेतले व "आप्पा, ए आप्पा, बोल की रं" असे म्हणत राहिले. मागून आलेल्या लोकांना फक्त आप्पासो खाली आणि तात्याबांचे हात त्यांच्या अंगावर एवढे दिसले. "तात्याबानं ढकालला" ही ओरड तिथून निघाली.

मी त्याच वेळी खरे का सांगितले नाही, असे विचारण्यात आले. लाज वाटली. माझ्या दुकानाच्या पाटीवर "फौजी मेकॅनिक" लिहिलेले आहे. शिवाय फिर्याद जावयाची. दात आपलेच, ओठही आपलेच. शंभूराज मला म्हणाले, "मामा, ह्यात तुमी पडू नगा." मला लेकीच्या संसाराची भीती वाटली व अजून वाटते.

काल संध्याकाळी मी दवाखान्यात आप्पासोंना म्हणालो, "तुमी सांगा की ढकाललं न्हाई म्हणून." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पावणं, बुडाखालचं सीट गेलं म्हणून पडलो, असं सांगू व्हय गावाला? आन तेबी तात्याच्या दारात?" आज सकाळी इथे येऊन तात्याबांना म्हणालो, "तुमी तरी सांगा, धरलं म्हणून." ते म्हणाले, "म्या त्याला धराय धावलो, असं सांगू? त्यापरीस ढकाललं म्हणत्यात तर म्हणू द्या." असे दोघे म्हातारे आपापल्या जागी अडून बसले आहेत. प्रियदर्शनीने मात्र आज वाडीतून निघतानाच मला घराच्या दाराशी गाठून सांगितले होते, "आबा, हाय ते बोला जावा. माझं मी बगून घीन." म्हणून आलो.

जप्त केलेली सायकल "सीट तुटलेली" अशी नोंदवली आहे. ती तुटलेली नाही, मी बसवलीच तशी आहे. खात्रीसाठी ठाण्याच्या आवारात हवालदारसाहेब स्वतः बसले. त्याच वेळी फौजदारसाहेब फाटकातून आत आले, हवालदारसाहेबांचा हात सवयीने सलामाला गेला आणि हवालदारसाहेब खाली गेले. मी त्यांना वेळेवर धरले. यावरून धरणे आणि ढकलणे लांबून सारखेच दिसते हेही सिद्ध झाले, कारण फौजदारसाहेब माझ्यावरच ओरडले.

तरी माझी विनंती आहे की, तात्याबा यांना सोडावे. काही कारवाई करणे असल्यास माझ्यावर करावी. सायकल परत देताना घरच्यांच्या नव्हे, आप्पासोंच्या ताब्यात द्यावी. मी खटका मुठीपासून दूर, अंगठा मुद्दाम लांबवावा लागेल असा बसवून देईन, आणि या वेळी बोरजाईवाडीच्या माणसाकडून रामराम घालून घेऊन तपासेन.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तात्याबा बाकावर बसून ऐकत होते. वाचन संपल्यावर ते उठून म्हणाले, "सायब, बाकी असू द्या. ते डोस्कं मांडीवर घेतल्याचं तेवढं खोडा. पोरं वाचत्याल." खोडायचे काय, असे मला विचारण्यात आले. मी नाही म्हणालो. तात्याबांनी माझ्याकडे पाहिले, मग उपरण्याने तोंड पुसले व खाली बसले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे, त्या वाक्यासकट, बरोबर आहे.

सही
नाथाजी बाबूराव शितोळे