आत्या गाणं पाहते

आमच्या शांताआत्याचं ऐका. भजनात आयुष्य गेलं तिचं, अन् दोन वर्षांपूर्वी कान पार गेले. परवा तिच्या घरी गेलो, तर मोबाइलवरच्या व्हिडिओत एक परदेशी पोरगा आपलं जुनं भजन पहिल्यांदाच ऐकत होता, अन् आत्या त्याला बघण्यात गुंग.

मी कागदावर लिहिलं, "ऐकू येत नाही, तर काहून पाहून राहिली वं?"

"भजन मले पाठ आहे गा. त्याले कुठं भिडते, ते पाहून राहिली."

मग मी तिचं आवडतं भजन लावलं. ती ओठांतल्या ओठांत कडवी म्हणत माझ्या तोंडाकडे टक लावून बसली. शेवटच्या कडव्याला माझे डोळे भरले.

तिनं मांडीवर थाप मारली. "हां! मलेही इथंच रडू येत होतं!"