पोरगी कुणाची?

मोहिनी : काचा वर घे, आदेश. दारं लॉक कर. पण गाडी पळवू नकोस.

आदेश : पळवू नको? समोर बघ जरा. काठ्या घेऊन उभी आहेत माणसं.

मोहिनी : त्यांच्यात लहान पोरंही आहेत. कुणाला नुसता धक्का लागला ना, तर आपलं काही खरं नाही.

आदेश : शिनोलीला रस्ता बंद होता तेव्हाच माघारी फिरायला हवं होतं. कशाला या आतल्या रस्त्याला लागलो! थांब, मागं घेतो.

मोहिनी : मागं दगड लावलेत त्यांनी. आणि आपल्या फोनला रेंज नाही. श्रेया, रडू नको बाळा. आपण तळेघरला आत्याकडं चाललोय ना?

आदेश : तिच्या रडण्यामुळंच झालंय हे. मघाशी वस्तीवर रस्ता विचारला, तर काय किंचाळली ‘मला घरी सोडा’ म्हणून!

मोहिनी : बालगृहालाच घर म्हणते रे ती. परवा तर आणली आपण तिला. थांब, ती म्हातारी पुढं येतेय. मी बोलते. माझ्या बाजूची मागची काच बोटभर खाली घे.

सखूबाई : ए बाई, पोरगी कुणाची ही?

मोहिनी : आमचीच आहे, मावशी.

सखूबाई : मग घरी सोडा म्हून का वरडतीया? पोरं पळवनारी गाडी फिरतीया म्हून समद्यांच्या मोबाइलवर आलंय. पांढरी गाडी.

आदेश : अहो, निम्म्या तालुक्याच्या गाड्या पांढऱ्या आहेत! तळेघरच्या प्रयागबाई माझ्या आत्या. विचारा कुणालाही.

सखूबाई : नाव काय, कुनीबी सांगंल. आन आवाज चढवू नका, पावणं. गोरख, काठी खाली घे. मी बोलतीया न्हवं? पोरी, इकडं बघ. ही तुजी आई का गं? ...बघा, मान हालवून नाय म्हनतीया.

आदेश : मोहिनी, बॉनेटवर काठी हाणली त्यानं! मी गाडी काढतो.

मोहिनी : चावी दे इकडं. दे म्हणते ना! ...मावशी, पोरगी खरं बोलतेय. मी तिला जन्म दिलेला नाही. दत्तक घेतलीय. तिनं अजून मला आई म्हटलेलं नाही, एकदाही.

सखूबाई : आमी कशावरून खरं मानायचं?

मोहिनी : नका मानू. घोडेगावच्या पोलिसांना बोलवा, तोवर आम्ही इथंच बसतो. ही घ्या गाडीची चावी. फक्त माणसं मागं घ्या. लई घाबरलीय ती.

आदेश : चावी दिलीस? अगं, वेड लागलं का तुला?

सखूबाई : दार उघड, बाई. मी एकलीच हाय. गोरख, मागं सर म्हनते ना! ये गं माजी बाय. माज्याकडं ये. मी सोडते तुला घरी.

*(श्रेया मोहिनीच्या मांडीवर चढते आणि तिच्या ओढणीत तोंड खुपसते.)*

सखूबाई : ये की. ...न्हाई? बरं. बरं, ऱ्हाऊ दे. कशी घट धरलीया बघा. गोरख, दगड काढा रं मागचं.

आदेश : म्हणजे... जाऊ आम्ही?

सखूबाई : एकलं नका जाऊ. म्होरल्या वाडीतबी हाच निरोप गेलाय, थितं मी न्हाई. गोरख फटफटी घिऊन म्होरं ऱ्हाईल, आत्याच्या दारापतुर. आत्याला बघंल, मगच माघारी फिरंल.

मोहिनी : बघू दे, मावशी. चालेल.

सखूबाई : ही घे चावी. आन बाई, नाय म्हनली म्हून मनाला लावून घिऊ नको. लेकराला येळ लागतो.

आदेश : मोहिनी, माझ्याच्यानं आता गाडी चालवणार नाही गं. तू येतेस का पुढं चालवायला?

मोहिनी : तूच चालव, हळूहळू. मला हलता येणार नाही. डोळा लागलाय तिचा.