राहुकाळाच्या आधी

पापनाशमच्या बस थांब्यावर दुपारी वादिराज मास्तर डोक्यावर पंचा टाकून उभे होते. रांगेत त्यांच्यापुढे जमीनदार चिदंबरराव आणि त्यांची थोरली बहीण अंबाक्का.

“कालव्याचा गाळ काढायला माणसं पहाटेच लावलीस, अक्का? आज सोमवार. सकाळचा राहुकाळ तरी सरू द्यायचा.”

“गेल्या वर्षी तो सरेपर्यंत थांबलो, म्हणून भर उन्हात खणावं लागलं. मारिमुत्तू कोसळला तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मरता मरता वाचला.”

“मला काय सांगतेस? मीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.”

“म्हणूनच यंदा राहुकाळ लागायच्या आधी पहिलं फावडं मारायला लावलं. पूजाही मीच केली.”

“आता माणसं कुठे आहेत?”

“चिंचेखाली. मीठ घातलेलं ताक पिऊन आडवी झालीत. ऊन उतरलं की उरलेला गाळ काढतील.”

मास्तरांनी पंचा कानावरून मागे सारला.

“पण अक्का, अप्पांच्या वेळेपासून आपल्याकडे काम राहुकाळानंतरच लागतं.”

“अप्पांना पहाटे जाग येत नसे, चिदंबर. तुलाही येत नाही.”