रोज दोन घटका

सुंदराबाई : अर्जावर सही मागनं करीन, मास्तर. आदी सांगा, पुन्यात काय झालं ते. परत एकदा.

मास्तर : तीनदा सांगितलंय, ललिताच्या आई.

सुंदराबाई : चवथ्यांदा सांगा. चारी टायमाला एकसारकं येतंय का, बगते.

मास्तर : बरं. शंभर मीटर पोहायची शर्यत होती. इथं आपल्या सावित्री नदीत ललिताला एक मिनिट बारा सेकंद लागतात. एकदा नाही, वीसदा मोजलेत मी. पुण्याच्या टँकमधे लागले एक मिनिट चौतीस. आठ मुलींत सातवी आली.

सुंदराबाई : म्हंजे बावीस सेकंद गेले कुटं?

मास्तर : नवी जागा. औषध टाकलेलं पाणी, डोळे चुरचुरतात. भिंतीला पाय मारून माघारी वळायचं असतं, तेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तर म्हणतो, तीन महिने पुण्यात राहू दे. वसतिगृह आहे, शिकवणारे आहेत. उद्या सोमवार, उद्याच्या टपालानं हा अर्ज गेला पाहिजे.

सुंदराबाई : म्हैस इकली तवाबी तुमी असंच बोललात. एकदा पुनं बगू द्या, मग बगा. आदी म्हनलात पोरीला दूध पायजे, अंडं पायजे. मग पोरीला पुन्याला न्याया दुधाचीच म्हैस इकाया लावलीत.

मास्तर : मी विकायला लावली नाही. ललिताच्या बाबांनीच ठरवलं, काशीरामनं.

सुंदराबाई : त्यांनी ठरवलं, पन त्यांच्या मनात कोनी घातलं? मुंबईत गोदीत वजी उचलतोय मानूस. एशियाडच्या वक्ताला दुकानाभाईर हुबं राहून काचंतला टीव्ही बगितला, आन् दुसऱ्या दिशी तुमचं पोस्टकार्ड. "तुमच्या मुलीने एक मिनिट बारा सेकंदांत अंतर कापले." तवापासून दोन पाळ्या करतोय. आता म्हनतात, पोलादपूरच्या अंगाला आपलं खाचर हाय ते रावजीला देऊन टाक. उद्या रावजी इसार घेऊन येतोय. वरसाचा तांदूळ हाय तो आमचा, मास्तर.

मास्तर : मला माहीत आहे.

सुंदराबाई : तुमाला काय म्हाईत? तुमाला ह्यात काय भेटतं, ते सांगा.

मास्तर : मला?

सुंदराबाई : व्हय. सकाळच्या पारी थंडीत नदीवर हुबं राहायचं, दुसऱ्याच्या पोरीसाठी. पगार वाढनार हाय का? बदली व्हनार हाय का गावाकडं?

मास्तर : काही होणार नाही. पी.टी.च्या मास्तरला कोण विचारतं? मी फलटणकडचा. आमच्याकडं पोहायचं म्हणजे विहिरीत. पाठीला सुका भोपळा बांधून बाप ढकलून द्यायचा. मीही जिल्ह्याला पोहलो होतो एकदा. नंतर पाय मोडला. ललिताला पाण्यात पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, हिला कुणी अडवू नये. एवढंच.

सुंदराबाई : बोलता गोड. म्हनूनच भ्या वाटतं.

मास्तर : मग काशीराम लिहितो तेच खरं धरायचं का? पुण्यात आडनाव वाचलं आणि घड्याळ उशिरा दाबलं?

सुंदराबाई : तसं व्हत नाय, असं मी म्हननार नाय. माजा सासरा चवदार तळ्यावर व्हता त्या दिशी. वंजळीनं पानी प्याला आन् डोकं फुटून घरी आला. त्यांची नात पान्यात उतरनार म्हनल्यावर ह्यांची छाती का फुगते, मला कळतं. पन मास्तर, दोन-तीन सेकंद कोनी खाल्ले असते तर मानलं असतं. बावीस सेकंद कोन खाईल? तेवड्यात माजं भांडं घासून व्हतं.

मास्तर : मग तुमचा संशय माझ्यावर आहे?

सुंदराबाई : घड्याळ तुमचं, वही तुमची. इथला आकडा लिवनारे तुमी एकटे. मी काय पोरीसंगं रोज घाटावर येत नाय.

मास्तर : या ना, रोज या. हे बघा घड्याळ. शाळेचं आहे. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पुलाच्या दुसऱ्या खांबापर्यंत मी स्वतः दोरीनं मोजलंय. त्यात एक वीत कमी असेल तर शाळा सोडून जाईन.

सुंदराबाई : घाटापास्नं पुलापातूर?

मास्तर : हो.

सुंदराबाई : आन् परत येताना?

मास्तर : परत काठानं चालत येते. शाळेची घंटा होते ना.

सुंदराबाई : कवाच पोहत येत नाय?

मास्तर : नाही. म्हणजे मी म्हटलं होतं एकदा. ती म्हणाली, दम लागतो.

सुंदराबाई : हं. सकाळी किती वाजता नेता?

मास्तर : ठरलेलं नसतं. कधी सहा, कधी पावणेसात, कधी साडेसात. ललिताच सांगते, उद्या अमक्या वेळी या. घरी तुम्हाला पाणी भरू लागायचं असतं, त्याप्रमाणे.

सुंदराबाई : पानी मी भरते. कोंबडं आरवायच्या आदी भरते. ती वेळ कशी सांगते? आज सहा तर उद्या?

मास्तर : उद्या पावणेसात. परवा साडेसात. मग चार-पाच दिवस नाहीच. तिचं डोकं दुखतं.

सुंदराबाई : डोकं?

मास्तर : आता कसं सांगू तुम्हाला. दर पंधरा दिवसांनी चार-पाच दिवस दुखतं. मी म्हटलं, मुलीची जात, आपण कशाला विचारायचं.

सुंदराबाई : दर पंधरा दिसांनी.

मास्तर : हो.

सुंदराबाई : मास्तर, तुमाला बायको हाय ना?

मास्तर : आहे.

सुंदराबाई : मग तुमाला कळाया पायजे. तसलं कारन म्हयन्यातनं दोनदा येत नाय.

मास्तर : ते… हो. ते खरं आहे.

सुंदराबाई : आजबी दुखतं म्हनली?

मास्तर : कालच सांगितलं तिनं, रविवारी दुखणार म्हणून. म्हणूनच घरी आलो.

सुंदराबाई : आज दुखनार हे काल ठावं व्हतं. ललिता. ए ललिता. फडकं काड डोक्यावरचं आन् भाईर ये. झोपली नायस, मला म्हाईत हाय. अशी बस. आज तिथी कंची?

ललिता : मला काय म्हाईत?

सुंदराबाई : दशमी. तुला म्हाईत हाय. कपडे धुताना मी काय म्हनते ते म्हनून दाखव मास्तरांना.

ललिता : आये, नको ना गो.

सुंदराबाई : म्हन.

ललिता :
"पुनवेचं पानी, कलत्या दुपारा
रोज दोन घटका, उशीर माहेरा
दिसातून दोनदा, सावित्री माघारी
डोंगर बापाची, ओढ तिच्या उरी"

मास्तर : छान आहे. पण याचा इथं काय संबंध?

सुंदराबाई : घटकांचं तुमच्या घड्याळात काय व्हतं?

मास्तर : एक घटका चोवीस मिनिटं. दोन म्हणजे अठ्ठेचाळीस. साधारण पाऊण तास. थांबा. सहा, पावणेसात, साडेसात…

सुंदराबाई : बगा. समुद्राचं पानी भरतीला हितवर चढतं, मास्तर. मग ओहोटी लागली की खाली पळतं. रोज दोन घटका उशिरा. वरून डबक्यावानी दिसतं, पन पोटात ओढ असते. माजं लुगडं सुटलं हातातनं तर मी बगते आज तिथी काय, मग ठरवते पुलाकडं पळू का वरल्या डोहाकडं.

मास्तर : नदी उलटी वाहते?

सुंदराबाई : सात वरसं झाली तुमाला म्हाडात येऊन.

मास्तर : मी बाजारपेठेत राहतो. नळाचं पाणी. आमच्याकडं विहिरीचं पाणी कुठं जात नाही, आणि नदी जाते ती एकाच बाजूला. पण मग… ललिता, तू मला ओहोटीच्याच वेळेला बोलवायचीस?

सुंदराबाई : आन् सकाळी भरती असली की डोकं दुखायचं. बोल गो. मास्तरांवर संशेव घेऊन बसले व्हते मी.

ललिता : पहिल्यांदा मी मुद्दाम नाय केलं.

सुंदराबाई : मग?

ललिता : पहिल्यांदा तशीच उतरले. पाणी आपोआप नेत होतं. मास्तर म्हणाले एक बारा, आणि त्यांनी बाबांना कार्ड टाकलं. बाबा गणपतीत नाय आले, आपल्या धम्मचक्राच्या दिवशी नाय आले, भाऊ आजारी होता तेव्हा नाय आले. कार्ड गेलं आणि आठ दिवसांत आले. आठवतंय ना तुला?

सुंदराबाई : आठवतंय.

ललिता : मी पाण्यात होते आणि बाबा काठानं माझ्याबरोबर पळत होते. चपला हातात घेऊन. मास्तर म्हणाले, एक मिनिट अकरा. तर बाबा तिथं दगडावर बसले आणि हसायलाच लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मी तिथी बघायला लागले.

मास्तर : पण पुण्याला जायच्या आधी तरी सांगायचंस, बाळ.

ललिता : मला वाटलं, टँकचं पाणीपण कुणीकडं तरी जात असेल. आत उतरल्यावर कळलं. ते नुसतं उभंच होतं.

सुंदराबाई : आन् पुन्याहून आल्यावर? तवा का नाय बोललीस?

ललिता : म्हैस गेली होती.

मास्तर : अर्ज देतो फाडून, ललिताच्या आई. चूक माझी आहे. घड्याळ बघत बसलो, पाणी बघितलंच नाही.

सुंदराबाई : फाडू नका. कागदानं काय केलंय? किती वाजले तुमच्या त्या घड्याळात?

मास्तर : आठ वाजून दहा मिनिटं.

सुंदराबाई : दशमीला सकाळी दहापातूर पानी वर चढतं. ऊठ, ललिता. बाबांनी आनलेला तो पोहायचा मुंबईचा पोशाख घे. मास्तर, तुमीबी चला. आज पुलापास्नं घाटाकडं जाऊ दे तिला.

मास्तर : उलट? भरतीच्या पाण्यात तर तेही सोबतीचंच होईल. पाणी घाटाकडं चढतंय ना?

सुंदराबाई : आता शिकलात. मग घाटापास्नं पुलाकडं. रोजच्याच वाटेनं. पानी तेवडं रोजचं नाय.

(सावित्रीचा घाट. सुंदराबाई शेवटच्या पायरीवर बसली आहे. मास्तर घड्याळ घेऊन काठानं पुलाकडे चालू लागतात, मग थांबतात.)

मास्तर : निम्म्यावर आहे. छप्पन्न सेकंद. ललिताच्या आई, तिचा हात जड पडतोय. हाक मारू का?

सुंदराबाई : नको.

मास्तर : मघापासून त्याच दगडाशी आहे ती. पुढं सरकतच नाही.

सुंदराबाई : सरकते. दगडाकडं बगू नका, मागच्या केतकीकडं बगा. केतकी मागं चाललीय.

मास्तर : हो. हळू, पण चाललीय. तुम्हाला भीती नाही वाटत?

सुंदराबाई : वाटते. तुमच्या अर्जाची जास्त वाटत व्हती.

मास्तर : तोंड वर काढलं तिनं. आता सोडणार बहुतेक. नाही, परत घातलं. चला, खांबाशी जातो मी.

सुंदराबाई : जा. मी हितनं बगते. हाताचा इशारा करा लागली की.

मास्तर : लागला हात. खांबाला लागला. ऐकू येतंय का?

सुंदराबाई : येतंय. तिला आदी फडकं द्या, मग आकडा सांगा.

(मास्तर आणि ललिता काठानं चालत घाटावर परत येतात.)

ललिता : आये, किती झाले ते मास्तर सांगत नाहीयेत.

सुंदराबाई : ये, हित बस. ओठ बग कसे निळे पडलेत. मास्तर, सांगा की.

मास्तर : दोन मिनिटं चार सेकंद.

ललिता : म्हणजे शेवटची. पुण्यात असते तर आठवी.

सुंदराबाई : पुन्यात ह्या पान्यात कोन उतरलं व्हतं? मास्तर, कार्ड हाय का खिशात?

मास्तर : असतं नेहमी एक.

सुंदराबाई : लिवा. तुमच्याच अक्षरात लिवा, माजं त्यांना लागत नाय. दोन मिनिटं चार सेकंद.

मास्तर : दोन मिनिटं चार सेकंद. पुढं?

सुंदराबाई : हे आकडे भरतीतले. आदीचे ओहोटीचे व्हते. तुमाला कळंल, तुमी ह्या घाटावर वाडलात. खाचर मी रावजीला देत नाय. ह्या साली आपनच लावायचं. पोरगी पुन्याला जाईल का नाय ते भात कापून झाल्यावर बगू.

ललिता : आये, मग बाबा नाय येणार.

सुंदराबाई : दम धर. लिवा मास्तर, एका पाळीचं काम करा. आन् सुट्टी भेटंल तवा घरी या, आकडा नसला तरी. लावनीला हात कमी पडतात.

मास्तर : लिहिलं. खाली नाव कुणाचं घालू? तुमचं की माझं?

सुंदराबाई : तिचं घाला.

ललिता : माझं?

सुंदराबाई : तुजंच कार्ड हाय ते. पयलंबी तुजंच व्हतं.

मास्तर : ललिताच्या आई, अजून एक विचारतो. पोहणं थांबवायचं का? तुम्ही म्हणाल तसं.

सुंदराबाई : थांबवा म्हनले का मी? रोज पोहू द्या. पन जाताना एक आन् येताना एक, दोन आकडे लिवायचे. पंधरा दीस तसं करा. मग तुमचं घड्याळ काय म्हनतंय ते मी बगीन.

मास्तर : मग उद्या किती वाजता येऊ, ललिता?

सुंदराबाई : तिला इचारू नका. ते मी सांगत जाईन.