मालक कुठंय म्हणून इचारू नका

मी गयाबाई. मूळची हसनाबादची, भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. बाप सालदार व्हता आन माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. घर म्हणलं तर कुडाचं, पण आपलं व्हतं, तिथून आमाला ऊठ म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. ते सुख मला तवा कळलं न्हाई, जालन्यात आल्यावर कळलं. लग्न होऊन आल्ते मी इथं, मालक लोखंडाच्या कारखान्यात कामाला. मालक म्हंजे माझा नवरा, आमच्यात नवऱ्याला मालक म्हणतात आन खोली किरायानं देणाऱ्याला घरवाले म्हणतात, आधीच सांगून ठेवते, न्हाईतर तुमी गोंधळून जाल. पत्र्याची एक खोली व्हती, उन्हाळ्यात आतमधी बसवत नव्हतं, पण काय सांगू तुमाला ताई, त्या खोलीत मी लई सुखात राह्यले. पोरगं तिथंच झालं. मंग मालक काविळीनं गेले.

तेराव्याचे पाहुणे गेले आन घरवाली दारात येऊन उभी राह्यली. जा म्हणली न्हाई हां ती. जा कोणीच म्हणत न्हाई, हाकलायची तऱ्हा येगळी असती. आधी इचारते, आता तुमच्याकडं कोण येणार कोण जाणार. मंग म्हणते, आमच्या घरात बी तरणी पोरं हायत. मंग नळाची चावी तिच्या कमरंला जाते, मंग तुमच्या दोरीवरचे कपडे खाली पडलेले दिसतात, मंग भाऊ भेटायला आला तरी खिडकीतून बघते, हा कोण. भाऊ हाय माझा, सख्खा. बरं बरं म्हणते, आन दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालेलं असतं. मी तिथून निघाले, भांडी डोक्यावर, पोरगं कडंवर. रडले बी. आता न्हाई रडत, आता मला राग येतो, आन रागानं कामं होतात ताई, रडण्यानं न्हाई होत.

मंग मी पोळ्या लाटायला लागले. लग्न म्हणा, बारसं म्हणा, वास्तुक म्हणा, आचाऱ्याच्या हाताखाली आमी बाया, एकीकडं कणिक तिंबून राह्यली, एक लाटून राह्यली, एक भाजून राह्यली. सगळ्या जालन्यात फिरले मी पोळपाट घेऊन. शेटजीच्या घरी जाऊन आले, मास्तरच्या घरी, डाक्टरच्या घरी. तुमाला सांगते, घर कसं हाय ते बैठकीत बसून कळत न्हाई, ते चुलीपाशी बसल्यावर कळतं. मागच्या अंगाला कुलूप लावलेली खोली कोणाची, वरचा मजला पोरगा पुण्याला गेल्यापासून कसा रिकामा पडला, सासू किराया म्हणते आन सून नको म्हणते, हे सगळं पोळी भाजता भाजता कानावर पडतं. आन इकडं माझ्या वळखीच्या बाया, कोणाला नवऱ्यानं टाकलेलं, कोणाचा मेलेला, एक म्हातारी तर पोरांनीच काढून दिलेली, ह्या बाया खोली खोली करत फिरून राह्यल्या. मंग मी काय केलं, कुलपाची गाठ ह्या बायांशी घालायला लागले. दलाल न्हाई मी, चहा बी घेत न्हाई त्याचा.

पण खोली मिळवून देणं सोपं हाय, टिकवणं अवघड. मी जाऊन बसते तिथं. मोरीत केस अडकले, भांडण. पोरगं मोठ्यानं वाचतं, भांडण. किराया द्यायला दोन दिस उशीर झाला, तर गया मावशी तुमची बाई बघा. बराबर, माझीच बाई हाय. मी जाते, मोरी साफ करते, घरवालीला चार गोष्टी सांगते, बाईला बी सांगते, अगं नळ आल्यावर आधी त्यायची भांडी भरू दे. थोडं तिकडं दाबायचं, थोडं इकडं. असं चालतं ते.

आता नंदाचं सांगते, तुमाला तेच ऐकायचं हाय ना, सगळे तेच इचारतात.

नंदा वडीगोद्रीची. नवरा हायवेवर ट्रकखाली गेला, सासरच्यायनं वर्षाच्या आत बाहेर काढलं, दोन पोरी घेऊन जालन्यात आल्ती, बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जात व्हती. किती दारं आमी दोघींनी वाजवली. बाई चांगली, पोरी चांगल्या, पण मालक कुठंय. न्हाई म्हणलं की खोली दुसऱ्याला दिली. तिथंच रिकामी दिसून राह्यली खोली डोळ्यासमोर, तरी म्हणायचं दिली.

मंग शकुंतलावहिनीचं घर. शहागडकडची शेतकरी माणसं, गोदावरीकाठची जमीन, पोरांच्या शिक्षणापायी जालन्यात घर बांधलेलं, मागं किरायाच्या खोल्या. मी वहिनीकडं कैक वर्षं पोळ्या करते. नंदाला घेऊन गेले तर बघते काय, हिच्या गळ्यात काळ्या मण्याची पोत, कपाळाला टिकली. बाजारातून घेतलेली पोत, सकाळीच. वहिनी म्हणली, मालक कुठंय, मी तोंड उघडायच्या आत नंदा म्हणली, पुण्याकडं कंपनीत हायत, सुट्टी मिळत न्हाई. झालं, खोली मिळाली. मी गप बसले. आन मला त्याची लाज न्हाई वाटत, लाज इचारणाऱ्याला वाटली पाहिजे. खोलीला छप्पर लागतं, नवरा कशाला लागतो.

नंदा अशी राह्यली त्या घरात की वहिनी मला म्हणायची, गयाबाई किरायेदार आणावा तर असा. अंगण नंदा झाडायची, वहिनीचे पाय दुखले की चोळायची. पोरी शाळेत जायला लागल्या. आन तिथंच अडचण झाली बघा, वहिनीला ती लईच आवडायला लागली.

वहिनीची लेक पूजा, तिला लग्नानंतर कैक वर्षांनी दिवस गेल्ते. देव झाले, डाक्टर झाले, मंग कुठं ते झालं. डोहाळजेवण मोठं ठेवलं, मांडव घातला, पुरणपोळ्या माझ्याकडं. आन वहिनीनं ठरवलं, ओटी भरायच्या सवाष्णींत पहिली नंदा, तिच्या हाताला गुण हाय, पोरी कशा निरोगी हायत.

नंदा आली माझ्याकडं, मी पुरण वाटून राह्यले व्हते. चेहरा पांढराफटक. मावशी, काय करू. न्हाई म्हणलं तर का न्हाई म्हणून इचारतील, भरली तर पाप लागंल पूजाला. मी तिला म्हणलं, पाप बीप काही लागत न्हाई, दोन लेकरं वाढवणारा हात हाय तुझा, जा भर. ती गेली. खण, नारळ, गहू, सगळं बराबर घातलं पूजाच्या पदरात, हळदीकुंकू लावलं, पूजा तिच्या पाया पडली. म्या सैपाकघराच्या दारातून पाह्यलं.

आन जेवणाच्या पंगती बसल्या तवा वडीगोद्रीची एक बाई उठली, वहिनीच्या नात्यातली. अगं तू नंदाच ना, म्हणली, तुझा नवरा तर हायवेवर गेल्ता, मी मातीला आल्ते की तुझ्या दारात. भर मांडवात, मोठ्यानं. सगळ्या बायांचे घास हातातच राह्यले.

वहिनी आधी समजलीच न्हाई. मंग समजली आन तिनं जे तोंड सोडलं. माझ्या लेकीचा घात केला, रांडमुंड हातानं ओटी भरली, आजच्या आज खोली खाली कर. नंदा खाली मान घालून उभी, दोन्ही पोरी तिच्या पदराला. वहिनी वाईट न्हाई ताई, तिला भ्या वाटलं, इतक्या वर्षांनी लेकीचं पोट दिसलं, भ्या वाटणारच. पण भ्या वाटलं म्हणून दुसऱ्याच्या लेकरांना रस्त्यावर काढायचं का.

मी बाहेर आले. हाताला कणिक तशीच. म्हणलं, वहिनी, ताटात काय हाय. ती म्हणली, तुमी मधी पडू नका गयाबाई. मी म्हणलं, ताटात काय हाय ते सांगा. पोळी हाय. कोणी लाटली, मी लाटली. माझा मालक कुठंय, ठाऊक हाय ना सगळ्यांना, माझ्या कपाळाकडं बघा, मी तर टिकली लावून आले न्हाई. कणिक तिंबली ती राधाबाई, तिचा बी गेलाय. भाजायला बसली तिला नवऱ्यानं टाकलंय. जालन्यातलं एक बी लग्न दाखवा मला ज्यात आमच्यासारख्यांच्या हातची पोळी न्हाई. ती पोळी तुमच्या लेकीच्या पोटात गेली, लेकरापर्यंत गेली, ती चालती. आन पदरात नारळ घातला तर घात होतो, व्हय. इचार करून सांगा, चालत नसंल तर पोळ्या बी थुकून टाका, मी थांबते.

 वहिनी लेकीला म्हणली, पूजा, ऊठ, जेवू नको. तर पूजा म्हणली, आई मला भूक लागली. आन ती जेवली. तिच्या सासूनं तूप वाढलं तिला. मंग एक एक करत सगळ्याच जेवायला लागल्या, काय करतात, पोळी गरम व्हती.

तुमाला वाटंल झालं, मिटलं. न्हाई मिटलं. वहिनी म्हणली, तुमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं मी, पण खोली सोमवारी खाली झाली पाहिजे. आन नळ बंद केला. सांगितलं ना मी, तऱ्हा असती. मी नंदाला म्हणलं, हलायचं न्हाई, पाणी माझ्याकडून नेऊ, पण सामान बांधायचं न्हाई, आन ती पोत काढून टाक आधी, आता कशाला घालती. तिनं काढली.

मंग मी आमच्या पोळीवाल्या बायायला बोलावलं, आत्ता आपण बसलोय ह्याच माझ्या ओसरीवर. म्हणलं, आपल्यातली एक रस्त्यावर येऊन राह्यली. त्यायनं आपसात ठरवलं, त्या घरी कोणी पोळपाट न्यायचा न्हाई. डोहाळजेवण झालं, पुढं बारसं व्हतं, शहागडचे पाहुणे येणार, पोळीशिवाय बारसं कसं करतात ते पाहू म्हणलं. कोणी म्हणलं, गयाबाई, तुमचंच काम जाईल. जाऊ दे म्हणलं, आजवर काय शेट व्हते मी.

सोमवार आला तसा गेला, नंदा तिथंच. भाऊसाहेब, म्हंजे वहिनीचे मालक, हे आले माझ्याकडं, बारशाच्या आधी. पोरगी झाल्ती पूजाला, खणखणीत, रडली की गल्ली जागी. गयाबाई, म्हणले, बाया येत न्हाईत म्हणतात. मी म्हणलं, येतील की. नळ सुरू करा, किराया व्हता तेवढाच ठेवा, आन नंदाला कोणी काही बोलायचं न्हाई, उद्या सकाळी पोळपाट घेऊन हजर.  मंग म्हणले, बायकोचं मन बदलणार न्हाई. मी म्हणलं, मन कोणी मागितलं. मला मन नको, खोली पाहिजे.

नंदा तिथंच हाय अजून. वहिनी तिला हळदीकुंकवाला बोलवत न्हाई, बोलत बी न्हाई धड, किराया घेते आन दार लावते. घ्या. पोरी शिकून राह्यल्या, थोरली कालेजात जाते. देव भलं करो त्या घराचं, मनापासून म्हणते.

आता माझे गुडघे दुखतात, बसवत न्हाई पोळपाटापाशी, तरी जाते. पण तवापासून एक ठरवलं, खोली मागायला जाताना गळ्यात खोटं काही घालायचं न्हाई. आधीच सांगायचं, नवरा न्हाई, द्यायची तर द्या. घरं मिळायला येळ लागतो, मिळतात पण.

ताई, तुमी एवढं लिहून राह्यल्या, एक गोष्ट इचारू. आत्ता चहा देऊन गेली ना, ती कमल, शहागडची, लेकराला घेऊन महिन्यापासून माझ्याकडं पडून हाय. तिच्या गळ्यात काही न्हाई ते तुमी पाह्यलंच असंल. आन तुमच्या शेजारी मी मागच्या महिन्यात पोळ्यायला आल्ते, तुमच्या वरच्या खोलीला कुलूप हाय, गच्चीवरून दिसतं. वही ठेवा बाजूला. किराया किती घेणार तेवढं बोला.